धुराडे साफ, तर धंदा सलामत

माझा धंदा कापडाचा. मग भट्टीवर का लिहितो, असे व्यापारी बंधू विचारतील. जालना एमआयडीसीत माझ्या गोदामाला लागून एक बेकरी होती. एका रात्री तिच्या धुराड्यातील काजळीने पेट घेतला. ठिणग्या पत्र्याच्या फटीतून आत आल्या आणि लठ्ठ्याच्या दोन गाठी जळाल्या. भट्टी शेजाऱ्याची, नुकसान माझे. नंतर भट्टी बांधणाऱ्या एका जुन्या उस्तादांकडून जे समजून घेतले, ते बेकरी, हॉटेल आणि तंदूरवाल्या बांधवांसाठी येथे देत आहे.

काजळी का साठते? लाकूड ओले असेल तर त्यातले पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते. आग मंद राहते, धूर पुरता जळत नाही. तो वरच्या थंड विटांना लागला की थर धरतो. हा थर आधी भुकटीसारखा असतो, मग त्याचे पापुद्रे होतात आणि शेवटी डांबरासारखा चकचकीत, कडक लेप बसतो. हा लेप म्हणजे जळणच. एक ज्वाळ वर पोचली की धुराडे पेटते.

म्हणून पहिला इलाज सुके लाकूड. बाभूळ असो की कडुनिंब, फोडून, जमिनीपासून उंच रचून किमान सहा महिने वाळवावे. सुक्या लाकडाच्या टोकाला भेगा पडतात, साल सुटते, दोन तुकडे आपटले तर टणक आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड आणि प्लास्टिक भट्टीत अजिबात घालू नये. तो धूर विषारी असतो आणि त्याच भट्टीत आपण पाव भाजतो.

सफाई अशी करावी. भट्टी पूर्ण थंड होऊ द्यावी. तोंडावर ओले गोणपाट लावावे. तारेचा ब्रश बांबूला घट्ट बांधून वरून खाली घासत यावे. नाकावर फडके, डोळ्यांवर चष्मा हवाच. धुराड्याला जिथे वळण आहे तिथे काजळी जास्त बसते. थर ३ मिलिमीटरचा दिसला की सफाई टाळू नये. रोज पेटणारी भट्टी दर महिन्याला तपासावी. रमजानमध्ये भट्टीला उसंत नसते, म्हणून त्याआधी पूर्ण सफाई उरकावी. चकचकीत लेप हातोडीने ठोकू नये, विटा फुटतात. ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

भेगा बुजवायला साधे सिमेंट वापरू नये, ते उष्णतेने सुटते. आपल्या एमआयडीसीतील रोलिंग मिलच्या भट्ट्यांना लागतात त्या फायरब्रिक आणि फायरक्ले घ्यावेत. तापलेल्या विटांवर पाणी मारू नये. पावसाळ्यानंतर पहिले दोन-तीन दिवस लहान आग करून भट्टी हळूहळू सुकवावी.

राख झाकणाच्या लोखंडी डब्यात काढावी. तिच्यातला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. गोणीत भरून गोदामाजवळ ठेवणे म्हणजे आगीला दावत.

सर्वात मोठी खबरदारी माणसांची. थंडीत कारागीर शटर ओढून भट्टीजवळ झोपतात. धुराडे तुंबले असेल तर कार्बन मोनॉक्साइड वायू आत साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. भट्टीच्या खोलीत कोणालाही झोपू देऊ नये.

धुराडे पेटलेच तर हवेचे दार बंद करावे, माणसे बाहेर काढावीत आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

सन १६६६ मध्ये लंडनची मोठी आग एका बेकरीतूनच सुरू झाली आणि १३ हजारांवर घरे खाक झाली. मुंबईत तर उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्यामागे हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न होता. ज्याला परवडेल त्याने आजच तो विचार करावा. ज्याची भट्टी लाकडावर आहे, त्याने निदान धुराडे साफ ठेवावे. सफाईला एक दिवसाचा धंदा बुडतो. गफलतीत आपली आणि शेजाऱ्याची, दोघांची रोजी जाते.