किराण्यावर पाच टक्के परत, पण कुठपर्यंत?



दिवाळीच्या तोंडावर वर्ध्याच्या, हिंगणघाटच्या मोठ्या दुकानात गेलं की बिलाच्या काउंटरजवळ एक टेबल मांडलेलं दिसतं. कार्डवाला पोरगा हाक मारतो, "ताई, क्रेडिट कार्ड घ्या, किराण्यावर पाच टक्के परत मिळतील." शंभरावर पाच रुपये कोण सोडेल? गेल्या वर्षभरात आपल्या गटांमधल्या बऱ्याच जणींकडे, नाहीतर त्यांच्या मुलांकडे, अशी कार्डं आली. बँक सखी म्हणून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्नही आता तोच झालाय. "ताई, पैसे परत येनार होते, ते गेले कुठं?"

ते कुठे जात नाहीत. ते एका ठिकाणी थांबतात. "पाच टक्के कॅशबॅक" हे शब्द मोठ्या अक्षरात असतात आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "कमाल दरमहा २५० रुपये". 'कमाल' म्हणजे जास्तीत जास्त. महिन्यात तुम्ही पाच हजारांचा किराणा घ्या की पंधरा हजारांचा, परत येणार २५०च.

तुमच्या कार्डाची मर्यादा किती खरेदीपर्यंत पुरते, ते काढायला मोबाइलही लागत नाही. मर्यादेच्या रकमेला टक्क्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं. २५० भागिले ५, गुणिले १००, म्हणजे ५,००० रुपये. पाच हजारांपर्यंतच्या किराण्यावर पाच टक्के, त्याच्या वरच्या प्रत्येक रुपयावर शून्य. हेच गणित १०० रुपयांच्या मर्यादेला लावलं तर फक्त २,००० निघतात. म्हणून कार्डवाल्याला टक्का नंतर विचारा, आधी "कितीपर्यंत?" ते विचारा.

बँका अशी मर्यादा का घालतात, तेही समजून घेऊ. कार्डाने पैसे दिले की दुकानदाराला त्यातले थोडे बँकेला द्यावे लागतात. त्यातलाच वाटा बँक आपल्याला परत देते. पण किराण्यासारख्या रोजच्या खरेदीवर पाच टक्के देणं तिला त्या कमाईत परवडत नाही. काही व्यापारी स्वतःच्या दुकानाचा माल कार्डावर उचलून पॉइंट गोळा करत, ते वेगळंच. मग मर्यादा आल्या. एचडीएफसी बँकेने १ जानेवारी २०२३ पासून किराण्यावरच्या रिवॉर्ड पॉइंटना महिन्याची मर्यादा घातली. आयसीआयसीआय बँकेने १५ नोव्हेंबर २०२४ पासून किराण्याच्या खर्चावर पॉइंट द्यायला सीमा आखली, काही महागड्या कार्डांना महिन्याला ४०,००० रुपयांपर्यंतच्या खर्चावर आणि बाकीच्या बऱ्याच कार्डांना २०,००० पर्यंत. या अटी बँक मधेच बदलू शकते आणि तसा मेसेज पाठवते. तो मेसेज आपण जाहिरात समजून पुसून टाकतो.

आता एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे, नाव गाव मात्र लिहीत नाही. त्यांच्या कार्डावर किराण्याला पाच टक्के होते, मर्यादा २५०. दिवाळीला त्यांच्या मनात आलं, आपल्याजवळ कार्ड आहे तर शेजारणींचाही किराणा त्यावर घेऊ, सगळ्यांचाच फायदा. विचार वाईट नव्हता, आपण गटात एकत्र खरेदी करतोच की. १० ऑक्टोबरला घरचा चार हजारांचा आणि शेजारणींचा आठ हजारांचा, असा एकूण बारा हजारांचा माल घेतला. तेल, रवा, बेसन, साखर, डाळी. सहाशे रुपये परत येतील असा हिशोब होता. आले अडीचशे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट लिहिलीच नसती.

२५ ऑक्टोबरला बिल आलं, भरायची शेवटची तारीख १४ नोव्हेंबर. शेजारणी म्हणाल्या, "कापसाचे पैसे आले का देतो न वो ताई." खोटं काहीच नव्हतं त्यात. सोयाबीनला भाव नव्हता, कापसाची पहिली वेचणी नुकती घरात आलेली. बिलावर "कमीत कमी भरायची रक्कम" ६०० रुपये लिहिली होती. ताईंनी जवळचे १,००० रुपये भरले आणि निश्चिंत झाल्या. ६०० मागितले, आपण हजार दिले, आता कसली काळजी?

कमीत कमी रक्कम भरली की उशिराचा दंड लागत नाही, एवढंच. व्याज लागतंच. आणि ते उरलेल्या अकरा हजारांवर शेवटच्या तारखेपासून नाही, तर पूर्ण बारा हजारांवर खरेदीच्या दिवसापासून लागतं. त्यांच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १० ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर हे ३५ दिवस बारा हजारांवर ४८३ रुपये. पुढचं बिल येईपर्यंतचे ११ दिवस अकरा हजारांवर १३९ रुपये. पैसे धरून व्याज झालं सुमारे ६२३. त्यावर १८ टक्के जीएसटी ११२ रुपये. एकूण ७३५.

अडीचशे आले, सातशे पस्तीस गेले. तेही एकाच बिलात. शिवाय मागची बाकी उभी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्यामुळे नंतर आणलेल्या चहा-साखरेवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढत राहिलं.

परतीच्या पैशाला मर्यादा आहे, मग व्याजाला नाही का? ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे तुमच्या कार्डावर जो दर लिहिलाय, तोच लागतो.

त्या ताईंना १४ नोव्हेंबरच्या आधी एकच गोष्ट करता आली असती, आणि ती गटातच होती. शेजारणींनी त्यांच्या वाट्याच्या आठ हजारांसाठी गटातून अंतर्गत कर्ज घ्यायचं आणि कार्डाचं बिल पूर्ण भरून टाकायचं. शेकडा दीड रुपया दराने आठ हजारांचं महिन्याचं व्याज १२० रुपये होतं. ते व्याजही आपल्याच गटात जमा होतं आणि अडीचशे कॅशबॅक सुखरूप राहतो. पण लाजेपोटी त्यांनी गटात विषयच काढला नाही. "कार्डाचं कर्ज म्हनजे माह्या एकटीचं लफडं," असं त्या म्हणाल्या. कागदावर ते खरंच होतं. शेजारणीचा माल असो की घरचा, बँकेच्या लेखी कर्जदार एकच, जिच्या नावाचं कार्ड ती. आपल्या गटकर्जासारखी दहा जणींची साथ तिथे नसते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, दुसरीचा किराणा आपल्या कार्डावर घेऊ नये. मर्यादा संपल्यावर त्यात कमाई काहीच नसते, जबाबदारी तेवढी वाढते.

मग कार्ड वाईट का? तसं नाही. महिन्याला चार हजारांचा किराणा आहे, कार्डावर पाच टक्के आणि १०० रुपयांची मर्यादा आहे, असं समजा. वर्षाचे १,२०० रुपये येतात. वार्षिक फी ४९९ असेल तर जीएसटी धरून ५८९ जातात, उरतात ६११. बाराही बिलं वेळेवर आणि पूर्ण भरली तरच हं. ज्या घरात दर महिन्याला ठरलेला पगार येतो, तिथे हे जमतं. जिथे पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावर एकदमच येतो, तिथे दरमहा ठरल्या तारखेला पूर्ण बिल भरणं अवघड जातं.

कार्ड असेलच तर आणखी काही गोष्टी तपासा. मर्यादा इंग्रजी महिन्याची आहे की बिलाच्या महिन्याची? बिल २५ तारखेला निघत असेल आणि मर्यादा बिलाच्या महिन्याची असेल, तर मोठी खरेदी थोडी २५ च्या आधी, थोडी नंतर केल्यास दोनदा लाभ मिळतो. दुकान बँकेच्या यादीत 'किराणा' म्हणून नोंदलेलं आहे का? गावातलं दुकान आपल्यासाठी किराण्याचं असलं तरी नोंद 'जनरल स्टोअर' अशी असली, तर पाच टक्के लागू होतीलच असं नाही. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआर कोडवर पैसे देता येतात, पण अशा खर्चावर कॅशबॅक आहे की नाही हे कार्डाकार्डावर वेगळं असतं. फोनवर तोच क्यूआर, त्यामुळे पैसे खात्यातून गेले की उधारीतून, हे लक्षात येत नाही. पैसे पाठवण्याआधी वर कोणतं खातं निवडलेलं आहे ते बघा. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. त्यावर वेगळी फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

न मागता कार्ड घरी आलं तर ओटीपी देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मागितल्याशिवाय कार्ड देता येत नाही. नको असलेलं कार्ड बंद करायचं असेल तर आधी बाकी पूर्ण भरून अर्ज द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड तिने तुम्हाला द्यायचा असतो. बँकेने तक्रार ऐकली नाही किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

त्या ताईंनी पुढच्या बैठकीत शेवटी विषय काढला. गटाने कर्ज दिलं, बिल पूर्ण भरलं गेलं. कार्ड अजून त्यांच्याकडे आहे. त्याच्या मागे त्यांनी चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलंय, "५,००० पर्यंत. १४ तारीख."