कामाच्या दिवसांतील सायंकाळचें जेवण व त्याची आंखणी

कोणत्या शेतांत कोणतें पीक घ्यावें, बियाणें किती लागेल, खुरपणी केव्हां धरावी, याचा विचार शहाणा शेतकरी हंगामाच्या आधीं महिनाभर करून ठेवितो. मिरगाचा पाऊस पडून गेल्यावर जो बियाण्याच्या शोधास निघतो त्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. परंतु त्याच शहाण्या शेतकऱ्याच्या घरीं दिवस मावळल्यावर ‘आतां काय शिजवावें?’ हा प्रश्न रोज नव्यानें पडतो, आणि त्यांत कांहीं चुकतें असें कोणास वाटत नाहीं. ज्या घरीं आईबाप दोघेंही दिवसभर कामावर असतात, तेथें या एका प्रश्नापायीं मुलांची झोंप व गृहिणीची प्रकृति या दोहोंचेंही नुकसान होतें. म्हणून बी, खत व कीड यांच्या जोडीनें हाही विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. नोकरीच्या काळांत आमची पांच एकर जिराईत जमीन आमच्या कुटुंबानेंच सांभाळिली. महसुली वर्ष ३१ जुलैस संपतें. त्यामुळें जून-जुलै हे महिने कचेरींत हिशेब पुरे करण्याचे, आणि नेमके तेच महिने शेतांत पेरणी-खुरपणीचे. सन २००४ च्या जुलैंत आम्ही रात्रीं आठ वाजतां घरीं पोंचत असूं. कुटुंब रोजगारी बायांबरोबर भुईमूग खुरपून दिवस बुडाल्यावर येई. एके रात्रीं आम्ही आलों तों भाकरी थापणें चालू होतें, आणि सहा वर्षांची धाकटी मुलगी दप्तर उशाशीं घेऊन उंबऱ्याजवळ निजली होती. तिला उठवून घांस भरविला, तो तोंडांत तसाच ठेवून ती पुनः झोंपली. दुसऱ्या दिवशीं शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं तिला घेरी आली. शाळेंतून निरोप आला तेव्हां आम्ही सबंध तालुक्याच्या पिकांचे आंकडे जुळवीत बसलों होतों. आपल्या मुलीच्या पोटांत रात्रीपासून चहापलीकडे कांहीं गेलेलें नाहीं, ही गोष्ट मात्र आमच्या ध्यानांत आली नव्हती.

कारकुनाची खोड म्हणा, आम्हीं त्या रात्रीं एक कोरी वही काढिली व चौदा दिवस टिपण ठेविलें. घरीं कोण केव्हां आलें, चूल केव्हां पेटली, काय शिजलें, मुलें केव्हां जेवलीं व सर्वांत शेवटीं कोण जेवलें, असे रकाने आंखले. चौदा दिवसांनीं वही उघडून पाहतां दोन गोष्टी दिसून आल्या.

पहिली ही कीं, भाकरी व कालवण शिजण्यास जितका वेळ लागे, जवळजवळ तितकाच वेळ चूल पेटण्यापूर्वीं जात असे. आज पीठ संपलें, उद्यां कडधान्य भिजत घालावयाचें राहिलें, परवां भाजी नाहीं म्हणून मुलास दुकानीं पिटाळिलें, असा क्रम चाले. तात्पर्य, उशीर शिजविण्यास होत नव्हता, ठरविण्यास होत होता.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक लागली. शेवटच्या रकान्यांत चौदाही रात्रीं एकच नांव होतें, आणि त्यांतील तीन रात्रीं कालवण उरलें नाहीं म्हणून तिनें चटणीशीं भाकरी खाल्ली होती. पुढें अशक्तपणासाठीं तिला दवाखान्यांत नेलें असतां रक्त कमी असल्याचें निघालें. डॉक्टरांनीं विचारलें, “ताई, रात्रीं जेवतां केव्हां?” ती म्हणाली, “सगळ्यांचं झाल्यावर.” हें उत्तर एका घरचें नव्हे. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळून आलें.

यावर आम्हीं जी व्यवस्था बसविली ती आतां क्रमानें सांगतों. तिच्यांत नवें असें कांहीं नाहीं. पदार्थ आपले नित्याचेच, फक्त त्यांना वार नेमून दिले.

आठवड्याचा आरंभ बाजाराच्या दिवसापासून धरावा. आमच्याकडे बाजार गुरुवारीं भरतो. जें लौकर नासतें तें आधीं संपवावें आणि जें टिकतें तें मागें ठेवावें, हें या आंखणीचें मुख्य सूत्र. म्हणून गुरुवारीं रात्रीं पालेभाजी, मुगाचें वरण व भाकरी. शुक्रवारीं वांग्याचें भरीत व भाकरी. शनिवारीं मटकीची उसळ. रविवारीं वरणफळें, कारण त्या दिवशीं पोळ्या लाटण्यास मुलांचे हात मोकळे असतात. सोमवारीं मुगाच्या डाळीची खिचडी व कढी. मंगळवारीं पिठलें, भाकरी व कांदा. बुधवारीं भाजणीचें थालीपीठ व ताक किंवा दहीं. शेवटच्या तीन दिवसांस ताज्या भाजीची गरज नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. बाजार दूर असला, पाऊस लागला, तरी या तीन रात्रीं अडत नाहींत.

हा क्रम एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावावा. आम्हीं तो लाविला तेव्हां आमच्या मातोश्री म्हणाल्या, “आतां काय खायचं हें पण कागदच सांगणार होय?” परंतु महिना गेला नाहीं तोंच त्या स्वतः नातवास विचारूं लागल्या, “आज कागदावर काय आहे रे बाळा?” कागद लावण्याचा लाभ हाच कीं, पहिला जो घरीं येईल त्यास काय करावयाचें हें ठाऊक असतें. शेतांतून येणाऱ्या बाईची वाट पाहात चूल थंड राहात नाहीं.

त्यानंतर अर्ध्या कामाचा विचार. सकाळींच दोन्ही वेळचें शिजवून ठेवावें असें कित्येकांस वाटतें. परंतु पावसाळ्यांत व उन्हाळ्यांत सकाळचें कालवण सायंकाळपर्यंत आंबतें, आणि शिजविलेला भात उघड्या हवेंत दोन तासांपेक्षां अधिक ठेवणें धोक्याचें असतें. त्यांत वाढणारे कांहीं जंतु असें विष तयार करितात कीं तें पुनः गरम केल्यानेंही जात नाहीं. यास्तव शिजवावें सायंकाळींच, पण त्याची पूर्वतयारी आधीं करून ठेवावी. शनिवारच्या उसळीची मटकी शुक्रवारीं सकाळीं भिजत घालावी, रात्रीं उपसून ओल्या फडक्यांत बांधावी, म्हणजे शनिवारीं सायंकाळीं मोड तयार असतात. चवळी किंवा हरभरा सकाळीं भिजत घातला तर रात्रीं लौकर शिजतो व सरपण किंवा गॅस वांचतो. मूग व तूर यांच्या डाळीस मात्र तासभर भिजणें पुरे होतें, म्हणून तें काम शाळेंतून आलेल्या मुलानें करावें. सकाळीं भिजविलेली डाळ उन्हाळ्यांत फसफसून जाते.

पिठाविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ज्वारीचें पीठ जुनें झालें कीं त्याची विरी जाते व भाकरी थापतां येत नाहीं. बाजरीच्या पिठास थोड्याच दिवसांत कडवट वास येतो. म्हणून दळण आठवड्यापुरतेंच न्यावें, आणि बाजाराच्या आदल्या दिवशीं डबा पाहण्याची जबाबदारी घरांतील एकाच माणसावर असावी. भाजणी मात्र महिन्याची करून ठेवितां येते. आमचें प्रमाण असें: ज्वारी चार भाग, बाजरी दोन भाग, गहूं व तांदूळ एकेक भाग, हरभऱ्याची डाळ दोन भाग, उडदाची डाळ एक भाग, आणि चवीपुरते धने. प्रत्येक धान्य निरनिराळें भाजावें. एकत्र भाजल्यास लहान दाणा करपतो व मोठा कच्चा राहतो.

खिचडीस तांदूळ दोन वाट्या व मुगाची डाळ एक वाटी घेतल्यास पांच माणसांची एक वेळ निघते. मऊ हवी असल्यास पाणी आठ-नऊ वाट्या घालावें. पिठल्यास एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी पुरतें. असे आंकडे मुलांस पाठ असले म्हणजे आईस विचारीत बसावें लागत नाहीं.

एवढें साधें जेवण पुरेसें पौष्टिक असतें काय, अशी शंका कोणी घेईल. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नांवाचा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो; डाळींत मेथिओनिन कमी असतें, तें धान्यांतून मिळतें. म्हणून भाकरी-पिठलें किंवा डाळ-तांदूळ यांची जोडी आपल्या पूर्वजांनीं अनुभवानें बसविली ती शास्त्रासही मान्य आहे. साधारणतः तीन भाग धान्यास एक भाग डाळ हें प्रमाण ठेवावें. पालेभाजी व कडधान्य यांवर लिंबू पिळावें, त्यामुळें त्यांतील लोह अंगीं लागतें. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेऊं नये, कारण चहा त्याच लोहास आडवा येतो. ज्या बायकांच्या अंगांत रक्त कमी आहे त्यांनीं हा नियम विशेष पाळावा, व औषधोपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानें चालू ठेवावा.

आतां सर्वांत कठीण भाग. कागदावर वार लिहिल्यानें काम कमी होत नाहीं, तें वांटून घेतल्यानेंच कमी होतें. आमच्या घरीं मातोश्रींनीं भाजी निवडण्याचें काम घेतलें. अकरा वर्षांचा मुलगा शाळेंतून आल्यावर डाळ-तांदूळ धुऊन भिजत घालूं लागला. कुटुंब येतांच चूल पेटे. रात्रीं भांडीं घासण्याचें काम आम्हीं पत्करिलें. शेजारचे गृहस्थ पहिले दोन-चार दिवस कुंपणावरून पाहून हंसले. पुढें त्यांचेंही कुतूहल संपलें. ज्या पुरुषास बैलाची दावण स्वच्छ करण्यास कमीपणा वाटत नाहीं, त्यास आपलें स्वतःचें ताट धुण्यास कां वाटावा, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

शेवटचा नियम एवढाच कीं, सर्व पदार्थ मधोमध मांडून सारींच माणसें एकदम बसावीं. जी शिजविते तिचेंही ताट त्याच वेळीं वाढलेलें असावें. एकदम बसलें म्हणजे कालवण किती आहे हें सर्वांस दिसतें, आणि तें सर्वांस पुरवून खाल्लें जातें. शेवटीं बसणारीच्या वांट्यास रिकामें पातेलें येतें तें कोणी दुष्टपणानें आणीत नाहीं. तें कोणास दिसत नाहीं म्हणून येतें.

हंगामाच्या दिवसांत वेळ कोणाच्या हातीं नसते, मग अशी आंखणी पाळावी कशी, असा आक्षेप येणें साहजिक आहे. त्यास उत्तर असें कीं, पाऊस लांबला म्हणजे आपण पेरणीचा बेत बदलतों, पण बेतच करूं नये असें म्हणत नाहीं. खिचडी व पिठलें हीं दोन जेवणें राखीव समजावीं. ज्या दिवशीं फार उशीर होईल त्या दिवशीं त्यांतील एक करावें व त्या वाराचें जेवण पुढें ढकलावें. घरांत मुगाची डाळ, बेसन व कांदा हीं तीन कधीं संपूं देऊं नयेत.

पुढील वर्षीं जुलैंत आम्हीं पुनः चौदा दिवस वही ठेविली. कचेरी तीच, खुरपणी तीच. परंतु दोन रात्री वगळतां मुलें सव्वाआठाच्या आंत जेवलीं होतीं. कोण शेवटीं जेवलें, हा रकाना मात्र आम्हांस भरतां येईना, कारण सारींच बरोबर बसत होतीं. तो आम्हीं तसाच कोरा ठेविला. आमच्या उभ्या नोकरींत रकाना कोरा सोडल्याचें समाधान तेवढ्या एका वेळींच झालें.

वाचकांनीं येत्या बाजारच्या दिवशीं आपल्या घरच्या माणसांस एकत्र बसवून सात रात्रींचा कागद तयार करावा. वार व पदार्थ आपापल्या भागाप्रमाणें बदलावे. कोंकणांत कुळथाचें पिठलें येईल, विदर्भांत तुरीच्या डाळीवर भर राहील. मात्र कागद करण्यापूर्वीं चौदा दिवस वही अवश्य ठेवावी. आपल्या घरीं शेवटीं कोण जेवतें हें ज्याचें त्यानें आपल्या हातानें लिहून पाहावें, म्हणजे पुढील उपदेशाची फारशी गरज राहणार नाहीं.