वयाच्या नावावर खपणारा आजार

‘आता वय झालं, असं व्हायचंच’ हे वाक्य घरात उच्चारले जाते, दवाखान्यातही ऐकू येते, आणि पुढची चौकशी तिथेच थांबते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांपुढच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा सुमारे ७२ हजार जणांची माहिती घेतली. ठरावीक प्रश्नावलीवर तपासले तेव्हा साठीपुढच्या सुमारे ८ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. डॉक्टरांनी तसे निदान केल्याचे सांगणारे मात्र एक टक्काही नव्हते. या दोन आकड्यांमधले अंतर अस्वस्थ करणारे आहे. पण हेच आकडे उलट बाजूनेही वाचायला हवेत. म्हातारपण हेच कारण असते, तर साठीपुढचे बहुतेक सगळे खचलेले दिसले असते. नव्वदहून अधिक टक्के लोक तसे नाहीत, आणि गुडघे त्यांचेही दुखतात, जिवाभावाची माणसे त्यांनीही गमावलेली असतात.

मग हा आजार दिसत का नाही? एक कारण असे की तो शरीराच्या भाषेत बोलतो. आजी ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाहीत. भूक मेली, पहाटे तीनला जाग येते, अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही, असे सांगतात. यातली पहिली तीन लक्षणे नुसत्या वयानेही होऊ शकतात, म्हणून डॉक्टरही टॉनिक लिहून देतात. हा घोळ ओळखूनच १९८०च्या दशकात जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांसाठी जी वेगळी प्रश्नावली तयार केली, तिच्यातून शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळल्या. विसरभोळेपणाचेही असेच होते. नैराश्यात लक्ष लागत नाही, त्यामुळे गोष्टी आठवत नाहीत, आणि घरचे थेट स्मृतिभ्रंशाचा निष्कर्ष काढतात. थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ची कमतरताही असेच रूप घेऊ शकते. रक्ताच्या साध्या तपासणीत ती कळते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: जोडीदार गेल्याचे दुःखही आता आजार ठरवायचे का? मुळीच नाही. शोकात माणूस रडतो, पण नातवंड मांडीवर येऊन बसले की घटकाभर खुलतोही. आठवड्यामागून आठवडे कशातच गोडी वाटत नाही, आपण घराला ओझे झालो आहोत असे पक्के वाटू लागते, तेव्हा प्रकरण शोकाच्या पलीकडे गेलेले असते. ‘आमच्याकडे घर भरलेले आहे’ हा दिलासाही पुरत नाही. भरल्या घरातही दिवसभर कोणी आपल्याशी बोलत नाही, असे होऊ शकते.

दुसरा आक्षेप गोळ्यांचा. आधीच रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या, त्यात ही भर कशाला? आजार तीव्र असेल तर औषध लागते, आणि उतारवयात काही औषधांनी रक्तातले सोडियम घटते म्हणून त्यावर लक्षही ठेवावे लागते. पण त्या टप्प्याआधी बरेच काही करता येते, हे गोव्यात दिसले. ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, सौम्य लक्षणे असलेल्या साठीपुढच्या १८१ जणांवर चाचणी केली. निष्कर्ष २०१९ मध्ये ‘जामा सायकियाट्री’त प्रसिद्ध झाले. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, या कामासाठी प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. समोरची अडचण सुटी करून सोडवायला शिकवणे, झोपेची घडी बसवणे, मधुमेहासारख्या दुखण्यांत स्वतःची काळजी घेण्याची माहिती देणे आणि सरकारी योजनांपर्यंत पोचवणे, एवढेच त्यांचे काम. वर्षभरात नेहमीची देखभाल मिळालेल्या ९० जणांपैकी १३ जणांना तीव्र नैराश्य आले. समुपदेशन मिळालेल्या ९१ जणांपैकी फक्त चौघांना. संख्या लहान आहे, प्रदेश एकच आहे. इतरत्र हाच प्रयोग करून पाहावा लागेल. तरीही या उपचाराला महागडे यंत्र लागले नाही आणि तज्ज्ञांची फौजही लागली नाही, हे महत्त्वाचे. रक्तदाब तपासायला ज्येष्ठ मंडळी केंद्रावर येतातच. त्याच वेळी दोन प्रश्न विचारता येतात: गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न होते का, आणि नेहमीच्या गोष्टींत रस वाटला का? उत्तर काळजीचे आले, तर त्याच केंद्रात असा प्रशिक्षित समुपदेशक बसलेला हवा.