दीर्घकालीन कंबरदुखी : कारणांचा शोध

हिंगणघाट हा कापसाचा तालुका. निंदण, फवारणी, वेचणी आणि गाठोडी उचलणे ही सारी कामे कमरेच्या बळावर चालतात. १६ लिटरचा फवारणीपंप भरला की केवळ पाण्याचेच १६ किलो वजन पाठीवर येते. वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने मजूर भगिनींना वाकलेली कंबर सरळ करण्याचीही उसंत नसते. त्यामुळे आमच्या बाह्यरुग्ण विभागात कंबरदुखीची तक्रार नित्याचीच आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन म्हणतात. "फोटो काढा, मणका सरकला असेल," असा रुग्णांचा आग्रह असतो. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ९० टक्के रुग्णांत वेदनेचे कारण म्हणून एखाद्या हाडाकडे वा चकतीकडे निश्चित बोट दाखविता येत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात कोणताही त्रास नसलेल्या विशीतील सुमारे ३० टक्के, तर ऐंशीतील ८४ टक्के व्यक्तींच्या मणक्यातील चकती फुगलेली आढळली. म्हणजेच फोटोत दिसणारा प्रत्येक बदल हा आजार नव्हे. तथापि रुग्णाची वेदना खोटी आहे, असाही याचा अर्थ नाही.

स्नायूंची साधी इजा काही आठवड्यांत भरून येते. परंतु मज्जासंस्था हळवी राहिल्यास वेदना मागे उरते. भीतीपोटी घेतलेल्या प्रदीर्घ विश्रांतीने स्नायू दुबळे होतात. अपुरी झोप, कर्जाची चिंता, खिन्नता, विडीचे व्यसन आणि तेच वाकून करावयाचे काम यांची त्यात भर पडते. कारण एक नसून अनेक असल्याने एकाच गोळीने वा इंजेक्शनाने गुण येत नाही. संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात आजाराची माहिती व नियमित व्यायाम यांवर भर आहे. कमरेचा पट्टा व वजन लावून ताण देणे यांची सरसकट शिफारस नाही.

काही थोड्या रुग्णांत मात्र कारण गंभीर असते. ताप व वजनातील घट ही मणक्याच्या क्षयाची लक्षणे असू शकतात. वृद्धापकाळी ठिसूळ मणका किरकोळ पडण्यानेही मोडतो. पूर्वी कर्करोग झालेल्यांनी नवी कंबरदुखी अंगावर काढू नये. पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरता येणे, लघवी वा शौचावरील ताबा जाणे, यांपैकी काहीही घडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. विलंबाने कायमचे अपंगत्व येऊ शकते.

ही लक्षणे प्रथम विचारपूस व तपासणीतूनच लक्षात येतात. म्हणून कर्ज काढून महागडा फोटो काढण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, आणि वरील लक्षणे असल्यास वेचणी संपण्याची वाट पाहू नये, अशी आमची सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती आहे.