आडवा वारा

गेल्या चैत्रांत आमचा धाकटा नातू सेस्ना 172 या लहान विमानांतून एकटाच उड्डाणास गेला, आणि उतरतांना धांवपट्टीबाहेर जाऊन कलंडला. ईश्वरकृपेनें त्यास खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. विमानाच्या डाव्या पंखाचें टोंक व प्रोपेलर मात्र मोडले. घरांतील मंडळींनीं वाऱ्यास दोष दिला. मुलगा म्हणाला, “आजोबा, वारा तर आधीं कळला होता.” तेव्हां आम्ही पाटी घेऊन बसलों.

विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवावें, हा नियम. परंतु धांवपट्टी एका जागीं खिळलेली आणि वारा स्वैर. तिरप्या वाऱ्याचा आडवा भाग किती, हें कोनाच्या ज्येवरून निघतें. आर्यभटाची अर्धज्या ती हीच. अरबी व लॅटिनच्या वाटेनें फिरून ‘साइन’ या नांवानें ती आमच्या शाळेंत परत आली. तीस अंशांवर ती निम्मी, म्हणून 16 नॉटांचा वारा आडवा भरतो 8 नॉट. मनोऱ्यावरून मुलास कळविलें तें एवढेंच. पण जमीन जवळ येतां वारा साठ अंशांवर फिरून 20 नॉटांवर गेला. आडवा भाग 17 च्या वर. या विमानाच्या पुस्तकांत 15 नॉट दिले आहेत. ती मर्यादा नव्हे. तेवढ्या वाऱ्यांत उतरून दाखविलें, इतकाच अर्थ. दाखविणारा मात्र मुरलेला वैमानिक होता, एकोणीस वर्षांचा पोर नव्हे.

नावाडी प्रवाहाकडे नाक करून होडी पैलतीरास नेतो, तसें विमान तिरकें आणावयाचें. शेवटच्या क्षणीं सुकाणूनें सरळ करून वाऱ्याकडील पंख किंचित् खालीं धरावयाचा व त्याच बाजूचें चाक आधीं टेकवावयाचें. हें सर्व मुलानें बिनचूक केलें. चूक झाली ती जमिनीवर. उतरलों असें वाटून त्याचा हात सैल पडला. शेंपटीचा उभा पडदा चाकांच्या मागें असल्यामुळें वारा त्यास ढकलतो, नाक वाऱ्याकडे फिरतें आणि त्या बाजूचा पंख उचलला जातो. वेग जसजसा कमी, तसतसा दांडा वाऱ्याकडे अधिकच दाबावा लागतो.

खालीं येतांना वेग वाढवून पुन्हां वर जातां आलें असतें. तें कां केलें नाहीं, असें विचारतां तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “माझ्या आधींचे दोघे उतरले होते.” शेजाऱ्याचें उत्तर आलें म्हणून आपलेंहि बरोबर मानणारीं मुलें आम्हीं चाळीस वर्षें पाहिलीं, आमच्याच घरांत एक निघेल असें वाटलें नव्हतें.

सूनबाईंचें म्हणणें, आतां पुरे. शिक्षकांनीं कळविलें कीं, शेजारीं बसून दहा वेळां उतरवून घेतल्याखेरीज त्यास एकटा सोडणार नाहीं. सोमवारीं तो गेला. सूनबाईंनीं डबा भरून दिला, बोलल्या नाहींत.