अडकलेली पुंगळी आणि बोटांवरची काजळी

पिस्तुलातून गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही, मध्येच अडकते. नेमबाज मॅगझिन काढतो, स्लाइड मागे ओढतो आणि पुंगळी बोटांनी उपसून काढतो. हाताला लागलेली काजळी पँटला पुसतो आणि थोड्या वेळाने त्याच हाताने सँडविच खातो. डॉक्टर म्हणून माझे लक्ष अडकलेल्या पुंगळीपेक्षा त्या काजळीकडे जाते, कारण तिच्यात शिसे असते.

वापरलेल्या पुंगळ्यांत नवा प्रायमर, बारूद आणि गोळी बसवून काडतुसे पुन्हा भरणे हा अमेरिकेत अनेकांचा घरगुती छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. घरी भरलेल्या काडतुसात बारूद कमी पडली, तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. पुंगळीचा आकार नीट बसवला नसेल किंवा गोळीची लांबी चुकली, तर काडतूस चेंबरमध्ये सरकत नाही. साचलेल्या काजळीमुळेही हेच घडते. अशा प्रत्येक वेळी हात पुन्हा काजळीत जातो.

हे शिसे दोन ठिकाणांहून येते. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट नावाचे शिशाचे संयुग असते. शिवाय गोळीची उघडी शिशाची बाजू तप्त वायूने झिजते. स्लाइड उघडताच हा धूर नेमबाजाच्या चेहऱ्यासमोरच बाहेर पडतो. बंदिस्त रेंजमध्ये हवा खेळती नसेल, तर तो श्वासात जातो. घरी पितळी पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या किंवा अक्रोडाच्या टरफलांच्या कोरड्या भरड्यात घोळवून स्वच्छ करतात. तो भरडा चाळताना उडणाऱ्या धुळीतही शिसे असते.

शिसेबाधेची लक्षणे फसवी असतात. पोटात कळ, बद्धकोष्ठता, थकवा, डोकेदुखी, चिडचिड अशा तक्रारी आपण पित्तावर किंवा कामाच्या ताणावर ढकलतो. पुढे रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे दुखावतात, रक्त कमी होते. रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते, पण हाडांत ते कित्येक वर्षे मुक्काम करते आणि गरोदरपणात तिथून सुटून बाळापर्यंत पोहोचते. कपड्यांवरून, बुटांवरून घरात आलेली धूळ रांगत्या मुलाच्या तोंडात जाते. वाढत्या मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तात प्रति डेसिलीटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून तो बंद करावा, असा तिचा सल्ला आहे.

आपल्याकडची बहुसंख्य मुले एअर पिस्तूल किंवा एअर रायफलने सुरुवात करतात. त्यात प्रायमर नसल्याने धोका बराच कमी असतो. पण छर्रे सहसा शिशाचेच असतात आणि ते बोटांनीच भरले जातात. छर्रा ओठांत धरण्याची सवय तर पहिल्या दिवशीच मोडावी.

उपाय साधे आहेत. रेंजवर किंवा काडतुसांच्या टेबलापाशी खाणे, पिणे, तंबाखू, सिगारेट नको. सरावानंतर आधी हात आणि तोंड साबण लावून वाहत्या थंड पाण्याने धुवावे. कपडे वेगळे धुवावेत, बूट दाराबाहेर ठेवावेत. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पिस्तुलाची सफाई किंवा पुंगळ्यांचे काम स्वयंपाकघरात आणि मुलांजवळ कधीच करू नये. गरोदर स्त्रियांनी अशा कामापासून दूर राहावे.

नियमित सराव करणाऱ्यांनी शिरेतून रक्त घेऊन शिशाची तपासणी करून घ्यावी. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचेच शिसे मिसळू शकते. शिसे उतरवण्याची औषधे मनाने घेऊ नयेत. पहिला उपचार म्हणजे संपर्क थांबवणे. आणि पोटदुखी घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर आपला छंदही सांगा. तो आम्हाला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचे आम्हीही विसरतो.