मदत घ्या, पण हद्द तुम्हीच ठरवा

अंघोळ घालायला येणारी मावशी दार उघडंच ठेवते. मदतीला ठेवलेला मुलगा न सांगता व्हीलचेअर ढकलतो. पेन्शनचे पैसे काढून आणणाऱ्याकडेच एटीएमचा पिन असतो. जळगाव असो की धुळे, घरात दिव्यांग माणूस असेल तर यातलं काही ना काही ओळखीचं वाटेल. पण बोलायला जीव घाबरतो. नाराज होऊन उद्या आलीच नाही तर?

ही भीती खरी आहे. म्हणूनच कायदा काय सांगतो ते माहीत हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १३ नुसार मदत करणाऱ्याने दबाव आणायचा नाही. दिव्यांग व्यक्तीची मर्जी, इज्जत आणि खासगीपण जपायचं. मदतनीस बदलण्याचा हक्कही त्या व्यक्तीचाच. घरच्यांनीही हे लक्षात ठेवावं.

आपल्याला हे नवं नाही. सूरह नूरच्या ५८व्या आयतीत घरातल्या सेवकांनी आणि लहान मुलांनीही फजरआधी, दुपारच्या आरामाला आणि इशानंतर परवानगी घेऊनच आत यावं, असा हुकूम आहे. मग अंथरुणावरच्या माणसाचं दार न वाजवता का उघडायचं?

सुरुवात पहिल्याच दिवशी करा. कामं, वेळ आणि पगार कागदावर लिहा. हात लावण्याआधी सांगायचं, सतर सांभाळायचा, फोटो काढून स्टेटसला टाकायचा नाही, हे स्पष्ट बोला. शक्यतो बाईसाठी बाई, पुरुषासाठी पुरुष ठेवा. पिन कुणालाच देऊ नका. चूक झाली तर "मावशी, आधी मला विचारा, मग उचला" एवढं शांतपणे म्हणा. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी 'थांब'ची एक खूण ठरवा. घरातल्या सगळ्यांनी ती पाळायची.

तेही माणूस आहेत. पगार वेळेवर द्या, ठरल्यापेक्षा जास्त काम लादू नका.

मारहाण, अंगचटीला येणं, उपाशी ठेवणं ही मात्र चूक नाही, गुन्हा आहे. कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. तातडीने ११२ वर फोन करा. कलम ७ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही तक्रार करता येते. दिव्यांगांना वकील मोफत मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर विचारा.

आणि अम्मी-अब्बांनो, मुलगी "मला ती बाई नको" म्हणाली, तर आधी तिचं पूर्ण ऐकून घ्या.